न छापल्या जाणाऱ्या खुणा

वर्ड प्रोसेसर पहिल्यांदा उघडणाऱ्या माणसाची नजर पानावर जात नाही. पांढरं रिकामं पान निम्म्याहून जास्त पडदा व्यापून बसलेलं असतं, पण डोळे जातात ते वरच्या चिन्हांच्या गर्दीकडे. कात्री, ब्रश, फ्लॉपी, जाड बी, तिरका आय, आडव्या रेघांच्या चार चौकटी. मग कपाळावर आठी उमटते आणि प्रश्न येतो, "एवढं सगळं पाठ करायचं?"

साताऱ्यात आमच्या भागातल्या वाचनालयाच्या माडीवर काही जुने संगणक आहेत. निवृत्त मंडळी आणि दुपारी जरा मोकळ्या होणाऱ्या बायका तिथे येतात, त्यांना मी लिबरऑफिस रायटर हा वर्ड प्रोसेसर शिकवते. ते फुकट मिळतं, जुन्या यंत्रावर चालतं आणि फाइल, एडिट, व्ह्यू अशी मेनूंची जुनी ओळ त्यात अजून शाबूत आहे, म्हणून ते घेतलं. वर्डमध्ये २००७ साली रिबन, म्हणजे बटणांची रुंद पट्टी, आली आणि ती ओळ गेली. शिकवता शिकवता माझं एक मत पक्कं झालंय. बटणांपासून सुरुवात करू नये. पडद्यावर सगळ्यात ठळक दिसतात ती बटणं, पण नवख्या माणसाला अडवणारी गोष्ट तिथे नसतेच. ती पानात असते आणि दिसत नाही.

संगणकाच्या क्लासमधल्या जुन्या वह्या काहीजण सोबत घेऊन येतात. कंट्रोल सी म्हणजे कॉपी, कंट्रोल व्ही म्हणजे पेस्ट, कंट्रोल पी म्हणजे प्रिंट, अशा सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या याद्या. त्या कष्टांबद्दल मला फार आदर आहे. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांमुळे तालुक्याच्या गावांत आणि खेड्यांतही लोकांनी कीबोर्डला हात लावला, हे काही लहान काम नाही. पण यादी पाठ असलेली माणसं साधा अर्ज लिहिताना हमखास कुठेतरी अडतात, आणि जिथे अडतात त्या जागेचं उत्तर यादीत सापडत नाही.

हे मला सगळ्यात स्पष्ट दिसलं ते एका काकूंच्या बाबतीत. जिल्हा परिषदेतून टंकलेखक म्हणून निवृत्त झालेल्या. गोदरेजच्या मराठी यंत्रावर आयुष्य गेलेलं, ४० शब्द प्रतिमिनिटाची परीक्षा तरुणपणीच पास. खुर्चीत बसल्या की पाठ ताठ, मनगटं हवेत, बोटं आपापल्या जागी. वर्गातल्या इतरांना वरची चिन्हं दिसली. यांना पहिल्यांदा दिसली ती पानाच्या डोक्यावरची मोजपट्टी.

"ही आमचीच पट्टी की गं," त्या म्हणाल्या.

खरंच होतं ते. टाइपरायटरवर रुळापाशी आकड्यांची पट्टी असायची आणि डाव्या-उजव्या समासाचे अडसर सरकवता यायचे. रायटरच्या पट्टीवर डाव्या टोकाला एकावर एक दोन बारके त्रिकोण असतात. वरचा ओढला की परिच्छेदाची फक्त पहिली ओळ आत जाते, खालचा ओढला की अख्खा परिच्छेद सरकतो. पट्टीवर मध्येच कुठे क्लिक केलं तर टॅबचा थांबा बसतो. काकूंनी हे सगळं न सांगता, नुसतं ओढून बघून शोधलं. शिफ्ट कशासाठी, टॅब कशासाठी, हे त्यांना विचारायचीही गरज पडली नाही, कारण यंत्रावर शिफ्ट दाबली की लोखंडी भाग खरोखर वरखाली होताना त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला होता. मला वाटलं, यांना काय शिकवायचं?

मग त्यांनी महिला मंडळाच्या सभेची सूचना टाइप केली. वेगात, एकही चूक न करता. मथळा बरोब्बर मध्यावर, तारीख उजव्या कडेला, मजकूर दोन्ही समासांच्या आत नेटका बसलेला. छापली असती तर कुणी बोट ठेवलं नसतं. पण मंडळातल्या बऱ्याच जणी सत्तरीच्या पुढच्या, म्हणून अक्षर १२ वरून १६ करायचं ठरलं. सगळा मजकूर निवडला, आकडा बदलला, आणि पानाची पार वाट लागली. प्रत्येक भरलेल्या ओळीखाली दोन-दोन शब्दांची एक तुटकी ओळ लोंबायला लागली. मथळा मध्यावरून उजवीकडे ढळला. तारीख कडेवरून घसरून खालच्या ओळीत जाऊन पडली. काकूंनी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

मी काही समजावून सांगितलं नाही, फक्त कंट्रोल आणि एफ १० दाबलं. वर्डमध्ये याच कामाला कंट्रोल, शिफ्ट आणि ८ आहे. एरवी न दिसणाऱ्या खुणा त्यामुळे पानावर दिसायला लागतात. जिथे स्पेसबार दाबला तिथे अक्षरांच्या मध्यउंचीवर एक ठिपका. जिथे टॅब तिथे उजवीकडे तोंड केलेला बाण. जिथे एंटर तिथे दोन उभ्या रेघांची, डावीकडे पोट असलेली ती परिच्छेदाची खूण. या खुणा छापल्या जात नाहीत, पण मजकुरात असतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

काकूंच्या पानावर मथळ्याआधी ठिपक्यांची लांबलचक रांग होती. तारखेआधी त्याहून लांब. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ती दोन रेघांची खूण, कारण प्रत्येक ओळ संपली की त्यांच्या कानात घंटी वाजत होती. यंत्रावर उजवा समास जवळ आला की घंटी व्हायची, शब्द पुरा करायचा, डाव्या हाताने दांडा ढकलायचा, की रूळ पुढच्या ओळीवर. मथळ्यासाठी कागदाच्या मध्यावर जायचं आणि दर दोन अक्षरांमागे एकदा बॅकस्पेस दाबत मागे यायचं, तिथून टाइप करायला सुरुवात. हा हिशोब त्या मनात करत होत्या आणि तो अचूक होता. काकूंनी चष्मा नाकावर सरकवून पडद्याजवळ तोंड नेलं, एकेका खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अगं, मी दाबलं ते सगळं याने लिहून ठेवलंय!"

वर्ड प्रोसेसरची ओळख करून द्यायची म्हणजे माणसाला या वाक्यापर्यंत आणायचं, असं मी तेव्हापासून मानते. कागदावर मोकळी जागा म्हणजे शाई नसलेली जागा, तिथे काहीच नसतं. दांडा ढकलल्याचा कागदावर काही माग राहत नाही. इथे मोकळी जागाही टाइप केलेली असते. एंटर हे एक अक्षरच आहे, क किंवा म इतकंच खरं, आणि ते पुसायचं तर क आणि म पुसतो तसंच पुसावं लागतं. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की ओळ आपली आपण वळते, एंटर फक्त परिच्छेद संपला की, हा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. काकूंनी त्याच बैठकीत ओळींच्या शेवटच्या खुणा एकेक करून काढल्या आणि प्रत्येक खूण गेली की खालची ओळ वर येऊन चिकटताना मन लावून बघितली. मथळ्याआधीची ठिपक्यांची रांग पुसली, कंट्रोल ई दाबून मथळा मध्यावर घेतला. मग स्वतःहूनच अक्षर १६ वरून २०, २० वरून १४ असं करत बसल्या. मथळा हलला नाही. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आलेला आनंद मी नीट पाहिलाय, म्हणून एवढं आवर्जून सांगते आहे.

आता माझ्या वर्गात खुणा कायम चालू असतात. सुरुवातीला पान ठिपक्यांनी भरलेलं बघून लोक बिचकतात, पण ठिपक्यांच्या रांगोळीला सरावलेल्या बायकांना त्याची सवय व्हायला वेळ लागत नाही.

मराठीत टाइप करणाऱ्याला तर या आतल्या व्यवहाराशी इंग्रजीपेक्षा जास्त जवळून गाठ पडते. टाइपरायटर डावीकडून उजवीकडे चालतो, म्हणून त्यावर 'दिवस' लिहिताना आधी पहिली वेलांटी, मग द. जसं दिसतं तसं. अनेक अक्षरं तर यंत्रावर जोडूनच तयार व्हायची. घ, थ, भ, श यांचा अर्धा भाग आधी, मग काना. संगणकावरच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डला, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण मांडणीला, हा क्रम चालत नाही. तिथे उच्चाराचा क्रम. आधी द, मग वेलांटी, आणि वेलांटी आपली आपण उडी मारून द च्या डावीकडे जाऊन बसते. काकूंनी सवयीने वेलांटी आधी दाबली, तर पडद्यावर वेलांटीच्या पोटात ठिपक्यांचं एक वर्तुळ उमटलं. तेही एक सांगणंच आहे, की इथे व्यंजन हवं होतं, ते आलेलं नाही. मला ते ठिपक्यांचं वर्तुळ फार आवडतं. नवख्याला ते बिघाडासारखं वाटतं. खरं तर एरवी आत दडलेला नियम पडद्यावर येऊन दिसण्याची ती जागा आहे.

इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताकडे. 'स्त्री' लिहायला सहा वेळा बोट पडतं: स, हलंत, त, हलंत, र, दीर्घ वेलांटी. लिहून झालं की पडद्यावर एकसंध एक अक्षर. पण कर्सर त्याच्या मागे ठेवून बॅकस्पेस दाबला तर सगळं अक्षर जात नाही. आधी वेलांटी जाते, मग र, मग त चा पाय मोडलेला दिसतो. लिहिताना जे सहा घातले ते सहाही उलट्या क्रमाने परत काढता येतात. चुकलेली वेलांटी सुधारायला पूर्ण शब्द पुसून नव्याने लिहिणारी कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना हे एकदा सावकाश करून दाखवलं की पुढे त्यांचा केवढा तरी त्रास वाचतो. रेमिंग्टनच्या, म्हणजे टाइपरायटरच्या, क्रमाने टाइप करू देणारे कीबोर्डही संगणकावर मिळतात, आणि सरावलेल्या टंकलेखकाने तेच वापरले तर त्यात काहीच गैर नाही. काकूंनी मात्र इन्स्क्रिप्ट शिकायचं ठरवलं. का, तर "लिहिताना जसं बोलतो तसंच जातंय," एवढंच कारण त्यांनी दिलं.

मंडळाचे जुने अहवाल एका पेन ड्राइव्हमध्ये होते. ते उघडले तर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. एक क्षण सगळ्यांना वाटलं, फाइल खराब झाली. फाइल धडधाकट होती. ती कृतिदेवमध्ये टाइप केलेली होती आणि या संगणकावर तो फॉन्ट नव्हता. अशा फॉन्टमध्ये फाइलच्या आत मराठी कधी नसतेच. 'मराठी' हा शब्द आत ई, जे, के, कॅपिटल बी, एच असा साठवलेला असतो आणि फॉन्ट त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या प्रमाणात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात १२८ जागांचा पट्टा मिळाला, आणि त्याची मांडणी आपल्याकडच्या १९८८ च्या इस्की या प्रमाणावरून घेतलेली आहे. म्हणून युनिकोडमधला मजकूर फॉन्ट बदलला तरी मराठीच राहतो, त्यात शोधता येतं, अकारविल्हे लावता येतो. पडद्यावर हुबेहूब सारखे दिसणारे दोन परिच्छेद आतून इतके वेगळे असू शकतात, हे त्या पेन ड्राइव्हमुळे माझ्या वर्गाला कळलं. कृतिदेवचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत. आम्ही ती वापरली, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्याखालून घालावीच लागली.

हे सगळं आलं कुठून, याची एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगते. कॅलिफोर्नियात पालो आल्टोला झेरॉक्स कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथे १९७४ साली बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ब्राव्हो नावाचा वर्ड प्रोसेसर केला. जसं छापलं जाईल तसंच पडद्यावर दिसेल, ही कल्पना त्यात पहिल्यांदा नीट उतरली. पुढे सिमोनी मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ साली वर्ड आलं. पण ब्राव्होमध्ये एक मोठी अडचण होती. लिहिण्याची अवस्था वेगळी, आज्ञा देण्याची वेगळी. आज्ञेच्या अवस्थेत आहोत हे विसरून कुणी 'एडिट' हा शब्द टाइप केला तर ई म्हणजे सगळं निवड, डी म्हणजे पूस, आय म्हणजे आता घाल, आणि उरलेला टी कागदावर. सगळा मजकूर जाऊन पानावर एकटा टी.

त्याच केंद्रात लॅरी टेस्लर नावाचे संशोधक होते. त्यांना अशा वेगवेगळ्या अवस्था मुळातच मान्य नव्हत्या. त्यांनी नुकत्याच कामाला लागलेल्या एका सेक्रेटरीला कोऱ्या पडद्यासमोर बसवलं आणि विचारलं, इथे मजकूर आहे असं समज, त्यात दुरुस्ती करायची तर तू काय करशील? तिने जे जे सांगितलं ते टिपून घेतलं. टिम मॉट या सहकाऱ्यासोबत त्यांनी मग जिप्सी नावाचा मजकूर-संपादनाचा प्रोग्रॅम तयार केला. कट, कॉपी, पेस्ट आज आपण ज्या रीतीने करतो ती रीत तिथून आली. मला या गोष्टीचं मोल वाटतं ते एवढ्यासाठी, की आपण आज जो पडदा बघतो त्याच्या मुळाशी एका नवख्या बाईचं उत्तर आहे. तिला कुणी वही दिली नव्हती.

पण टेस्लर यांनी घालवलेल्या अवस्था मराठी माणसाकडे मागच्या दाराने परत आल्या आहेत. आपला कीबोर्ड एक तर मराठीत असतो नाहीतर इंग्रजीत, आणि कुठल्या अवस्थेत आहे याची खूण पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, नखाएवढी. मान खाली घालून टाइप करणाऱ्याला ती दिसतच नाही. अर्धी ओळ भलत्याच लिपीत जाते आणि पुन्हा सगळं पुसायचं. म्हणून माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी सगळ्यांना ती खूण बोटाने दाखवायला सांगते. विंडोज आणि स्पेस दाबून ती बदलताना बघायला लावते.

तिच्याच वर, रायटरच्या खिडकीच्या तळाशी एक बारीक पट्टी असते. नवखे तिच्याकडे बघत नाहीत. मला विचाराल तर सगळ्या इंटरफेसमध्ये सर्वात खरं बोलणारी जागा ती आहे. पान कितवं, शब्द किती, मजकुराची भाषा कोणती, शेवटच्या बदलानंतर फाइल साठवली की नाही. भाषेच्या जागी मराठीऐवजी हिंदी असेल आणि हिंदीचा शब्दकोश बसवलेला असेल, तर बिनचूक मराठी शब्दांखालीही लाल नागमोडी रेघा येतात. एक आजोबा त्या रेघा बघून स्वतःचं शुद्धलेखन बदलायला निघाले होते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ! खालची भाषा बदलून दिली आणि बहुतेक रेघा गेल्या. इन्सर्टची कळ चुकून दाबली गेली की नवीन अक्षरं जुन्या अक्षरांना खात सुटतात. तेव्हा कर्सरची बारीक रेघ जाऊन जाडसर ठोकळा येतो, आणि तळपट्टीत तसं लिहूनही येतं. बघायची सवय असली की घाबरायचं कारण उरत नाही.

आणि केलेलं मागे घ्यायला कंट्रोल झेड. रायटर मागच्या १०० कृती लक्षात ठेवतो, तेव्हा हवं ते दाबून बघावं.

आता काकू मंडळाचा वार्षिक अहवाल करताहेत. त्यात प्रकरणं आहेत, जमाखर्च आहे, कार्यक्रमांची वर्णनं आहेत. मथळे नुसते जाड आणि मोठे करण्याऐवजी त्यांना हेडिंगची स्टाइल द्यायची, हे त्यांना पटायला थोडा वेळ लागला, कारण दिसायला दोन्ही सारखंच. मथळ्यांना स्टाइल दिली की एफ ५ दाबल्यावर सगळ्या मथळ्यांची यादी बाजूला उघडते आणि अनुक्रमणिका पानांच्या आकड्यांसह आपोआप तयार होते. मजकूर वाढला तर अनुक्रमणिकेवर राइट क्लिक करून ती ताजी करावी लागते, एवढंच. त्यांनी अनुक्रमणिका घातली तर 'जमाखर्च' त्यात नव्हता. मी दुसऱ्या टोकाला कुणाला तरी मदत करत होते. तिथून उठून येईपर्यंत काकू जमाखर्चाच्या मथळ्यावर कर्सर नेऊन, वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या स्टाइलच्या चौकटीत काय लिहिलंय ते वाचून मोकळ्या झाल्या होत्या. दिसायला मथळा, आतून साधा परिच्छेद. त्यांनी स्टाइल बदलली, अनुक्रमणिका ताजी केली आणि पुढच्या पानावर गेल्या. सभासदांच्या यादीचा तक्ता अजून व्हायचाय. तक्त्याच्या घरांमध्ये कोणत्या खुणा असतात ते आधी दाखव, मग बाकीचं सांग, असं त्यांनी मला बजावून ठेवलंय.